आई गेल्यानंतर मेडिकेडचं पत्र येतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासूबाईंचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच एक पाकीट आलं. वर त्यांचं नाव आणि खाली 'यांच्या वारसांस' अशा अर्थाचा मायना. आत मेडिकेडचं, म्हणजे सासूबाईंच्या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्ययोजनेचं, चार ओळींचं पत्र आणि शेवटी परत मागितलेला डॉलरमधला एक आकडा. तो वाचून नवरा एवढंच म्हणाला, "अगं, हे तर फुकट होतं ना?"

फुकट नव्हतं. ते उधारीवर होतं, आणि त्या उधारीच्या कागदावर आमच्याच घरातल्या जेवणाच्या टेबलावर सही झाली होती. अर्ज भरून देणाऱ्या गृहस्थांनी "इथे करा, इथे करा" म्हणत पानं उलटली, आम्ही सासूबाईंचा हात धरून सह्या घेतल्या. त्यातलं एक पान या वसुलीबद्दल होतं, ते आम्ही वाचलं नाही.

तेव्हापासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या ओळखीतल्यांना असं पत्र आलं की फोन माझ्याकडे येतो. मी वकील नाही. पण तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले आहेत की एकदा लिहून ठेवलेलं बरं.

ही वसुली म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत कमी उत्पन्न आणि कमी शिल्लक असलेल्यांसाठी मेडिकेड ही सरकारी आरोग्ययोजना आहे. पैसा केंद्राचा आणि राज्याचा, कारभार राज्याचा. कॅलिफोर्नियात तिला मेडि-कॅल म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, आमच्या न्यू जर्सीत ती एनजे फॅमिलीकेअर या नावाने चालते. नावं वेगवेगळी असल्यामुळे "आमच्या आईला मेडिकेड नाही, फॅमिलीकेअर आहे" असं ठासून सांगणारे लोक मला भेटले आहेत. ते एकच.

वयाच्या ५५ व्या वर्षानंतर या योजनेने तुमच्यावर जो खर्च केला, त्यातला काही किंवा सगळा खर्च तुमच्या मृत्यूनंतर, तुम्ही मागे ठेवलेल्या मालमत्तेतून परत मागायचा, ही ती वसुली. इंग्रजीतलं नाव एस्टेट रिकव्हरी (एस्टेट म्हणजे मयताने मागे ठेवलेली मालमत्ता). हा दंड नाही, आणि कुणी लबाडी केली असाही अर्थ नाही. सगळं नियमात बसून घेतलेलं असलं तरी मागणी येते.

मेडिकेअरचे पैसेही असेच परत मागतात का?

नाही. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांची, पगारातून कापलेल्या करावर उभी असलेली योजना. तिच्या सेवांसाठी अशी वसुली होत नाही. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनचीही नाही. मेडिकेअरचा हप्ता आणि आपल्या वाट्याचा खर्च भरायला ज्या मदत-योजना आहेत, त्यांतून १ जानेवारी २०१० पासून मिळालेल्या रकमेचीही वसुली करता येत नाही. दोन नावांतला घोळ मात्र फार जुना आहे. दोन्ही योजना एकाच दिवशी, ३० जुलै १९६५ला, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने जन्मल्या, म्हणजे जुळी भावंडंच. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला त्यांनी इमिग्रेशनच्या कायद्यावरही सही केली, ज्याच्यामुळे आपले डॉक्टर आणि इंजिनिअर इथे येऊ लागले. तेव्हाची ती तरुण मंडळी आज ऐंशीच्या घरात आहेत आणि काहीजण नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांची कायमची शुश्रूषा करणाऱ्या निवासात, आहेत. पूर्वी हा प्रश्न 'भारतातून आलेल्या आईवडिलांचा' होता. आता तो आधी आलेल्यांचा स्वतःचाही झाला आहे.

हा नियम कधीपासून आहे?

आधी तो राज्यांच्या मर्जीवर होता. १९९३च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय कायद्याने, क्लिंटन यांच्या कारकिर्दीत, तो सगळ्या राज्यांवर बंधनकारक झाला.

कुठला खर्च परत मागतात?

नर्सिंग होम, घरी किंवा घराजवळच्या केंद्रात मिळणारी दीर्घकालीन सेवा (रोजच्या जगण्यात लागणारी मदत आणि शुश्रूषा), आणि त्याच्याशी जोडलेला इस्पितळाचा व औषधांचा खर्च, एवढा तर प्रत्येक राज्याला मागावाच लागतो. याशिवाय ५५ नंतरच्या बाकीच्या सगळ्या सेवांचा खर्च मागायची मुभा राज्याला आहे. काही राज्यं ती वापरतात, काही वापरत नाहीत. न्यू जर्सी वापरतं. म्हणून इथे साध्या डॉक्टरच्या भेटीही हिशेबात येतात.

आई वर्षात दोनदाही डॉक्टरकडे गेली नाही. मग हजारो डॉलर कसले?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त संताप आणणारा प्रश्न. आजकाल मेडिकेड बहुतेक ठिकाणी खाजगी विमा कंपन्यांमार्फत चालतं. राज्य त्या कंपनीला दर माणशी, दर महिन्याला ठराविक रक्कम देतं. तुम्ही डॉक्टरकडे गेलात काय, न गेलात काय, महिन्याचा रतीब चालूच. न्यू जर्सीसारखी राज्यं वसुलीत हाच रतीब मोजतात, प्रत्यक्ष उपचार नव्हे. त्यामुळे दहा वर्षं ठणठणीत राहिलेल्या बाईच्या नावावरही मोठा आकडा उभा राहतो.

घरी मदतनीस येत असेल, दीर्घकालीन सेवेच्या योजनेत नाव असेल, तर हा महिन्याचा हप्ता साध्या योजनेपेक्षा कितीतरी जास्त असतो. मदतनीस आठवड्यातून किती तास आली याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो. "मदतनीस तर फक्त सोमवारी आणि गुरुवारी यायची" हा युक्तिवाद म्हणून चालत नाही.

आईबाबा आमच्याच घरात राहतात, त्यांच्या नावावर इथे काहीच नाही. आम्ही घाबरायचं का?

नाही. वसुली मयताच्या मालमत्तेतून होते. मालमत्ता नसेल तर विषय संपला. घर मुलाचं, गाडी सुनेची, आईच्या नावावर दोन साड्यांची कपाटं आणि देव, अशा घरांत राज्याच्या हाती काही लागत नाही. आपल्या बहुसंख्य कुटुंबांची स्थिती हीच आहे, आणि तरी रात्री झोप न लागणारेही हेच असतात.

मग अडकतात कोण?

'सोयीसाठी' नाव घातलेले. आमचंही तेच झालं. नवऱ्याच्या बचत खात्यावर सासूबाईंचं नाव होतं, कारण एका वर्षी तो सारखा प्रवासात असायचा आणि बँकेच्या कामाला कुणीतरी लागायचं. पैसे सगळे त्याच्या पगाराचे. पण खातं दोघांचं म्हटल्यावर 'यातले त्यांचे किती?' हा प्रश्न येतो, आणि पैसे कुणी भरले हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर पडते. आम्ही सहा वर्षांची पगारपत्रकं जुळवत बसलो. घराच्या दस्तावर आईचं नाव मानाने घालणारेही आहेत. भावना चांगली, पण कायद्याला भावना दिसत नाही, हिस्सा दिसतो.

संयुक्त नाव असलं की ते आपोआप दुसऱ्याकडे जातं ना? मग राज्य कसं मागेल?

इथे राज्याराज्यात मोठा फरक आहे. माणूस गेल्यावर न्यायालयामार्फत वाटली जाणारी मालमत्ता म्हणजे प्रोबेटमधली मालमत्ता. तिच्यावर हक्क सांगणं प्रत्येक राज्याला भाग आहे. पण संयुक्त मालकी, हयातीपुरता हक्क, लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच मालमत्ता विश्वस्तांच्या नावावर करायची व्यवस्था) अशा वाटांनी प्रोबेट टाळून गेलेली मालमत्ताही 'एस्टेट'मध्ये धरायची मुभा केंद्राने दिली आहे. न्यू जर्सीने ही रुंद व्याख्या घेतली आहे. टेक्सस आणि कॅलिफोर्निया प्रोबेटपुरतंच थांबतात.

कॅलिफोर्नियाचा किस्सा सांगण्यासारखा आहे. तिथेही पूर्वी रुंद जाळं टाकत. १ जानेवारी २०१७ पासूनच्या मृत्यूंसाठी त्यांनी ते आवळलं. आता फक्त प्रोबेटमधली मालमत्ता, फक्त दीर्घकालीन सेवा आणि तिच्याशी जोडलेला खर्च, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराच्या एस्टेटवर नंतरही हक्क नाही. घर लिव्हिंग ट्रस्टमध्ये असेल तर मेडि-कॅल त्याला हात लावत नाही. मॅसॅच्युसेट्सनेही १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या मृत्यूंसाठी वसुली केंद्राच्या किमान मर्यादेपर्यंत खाली आणली. म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहणाऱ्या मावसभावाने दिलेला सल्ला एडिसनला लागू पडत नाही आणि एडिसनचा टेक्ससमधल्या डॅलसला नाही. हे मी प्रत्येक फोनवर पहिल्या मिनिटात सांगते, आणि तरी व्हॉट्सअॅपवर फिरणारा एकच मेसेज पन्नास राज्यांना पुरतो असं लोकांना वाटतं.

आईच्या मालमत्तेत पुरेसे पैसे नसतील तर उरलेलं मुलाने भरायचं?

नाही. वारसाच्या खिशाशी या मागणीचा संबंध नाही. जे मागे राहिलं तेवढ्यातूनच, आणि तेही अंत्यसंस्कारासारखा खर्च आधी वळता करून, राज्याच्या ठरलेल्या क्रमाने.

हे आपल्या मनाला पटत नाही, कारण 'बापाचं कर्ज लेकाने फेडायचं' हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. नुसतं रीत म्हणून नाही, हिंदू कायद्यात मुलाचं ते धार्मिक कर्तव्यच मानलं जायचं. पण मुंबई इलाख्यात १८६६ सालीच कायदा होऊन वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती ठरली, आणि २००५च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने नव्या कर्जांपुरता तो धार्मिक कर्तव्याचा आधारही काढून टाकला. एका काकांनी पत्र आलं म्हणून स्वतःच्या निवृत्तीच्या खात्यातून चेक लिहायला घेतला होता. थांबवलं त्यांना.

एक सावधगिरी मात्र आहे. एस्टेटचा कारभार तुमच्याकडे असेल आणि मागणी माहीत असूनही तुम्ही पैसे भावंडांत वाटून टाकले, तर तेवढ्या रकमेसाठी तुम्हाला जबाबदार धरता येतं. आणि पेनसिल्व्हेनियात आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलांवर टाकणारा वेगळा कायदा आहे. २०१२ साली तिथल्या न्यायालयाने एका मुलाला आईचं सुमारे ९३,००० डॉलरचं नर्सिंग होमचं बिल भरायला लावलं. ती मागणी राज्याची नव्हती, नर्सिंग होम चालवणाऱ्या कंपनीची होती, आणि आईचा मेडिकेडचा अर्ज तेव्हा प्रलंबित होता. फिलाडेल्फियाच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे वेगळं लक्षात ठेवावं.

मी आईला ग्रीन कार्डासाठी स्पॉन्सर केलं होतं. माझ्यावर काही येईल का?

येऊ शकतं, पण ते या वसुलीतून नाही, तुम्ही सही केलेल्या हमीपत्रातून. १९ डिसेंबर १९९७ पासून हे हमीपत्र कायदेशीर करार आहे. आईने मेडिकेडसारखा गरजेवर आधारित लाभ घेतला तर देणारी संस्था स्पॉन्सरकडे पैसे मागू शकते. शिवाय ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारणपणे पहिली पाच वर्षं पूर्ण मेडिकेड मिळत नाही, आणि त्यानंतरही तुमची मिळकत आईचीच धरून पात्रता ठरवली जाऊ शकते. आई नागरिक झाली की हमी संपते. चाळीस तिमाह्यांचं, म्हणजे साधारण दहा वर्षांचं, काम तिच्या खात्यावर धरलं गेलं, ती निवास सोडून कायमची देशाबाहेर गेली किंवा वारली तरी संपते. आधी झालेलं देणं मात्र पुसलं जात नाही. म्हणूनच आपल्याकडे बहुतेकजण आईचं नागरिकत्व झाल्यावरच मेडिकेडचा अर्ज करतात.

आई गेली, बाबा आहेत. आताच वसुली होईल?

बाबा हयात असेपर्यंत नाही. २१ वर्षांखालचं मूल असेल, किंवा अंध वा अपंग मूल, मग ते साठ वर्षांचं का असेना, तरीही नाही. ही केंद्राची अट आहे, कुठलंही राज्य ती ओलांडू शकत नाही. बाबांच्या पश्चात त्यांच्याकडे आलेल्या मालमत्तेवर काही राज्यं हक्क सांगतात. त्यामुळे 'आता झालं, फाइल बंद' असं समजून कागद फेकू नका.

आईच्या नावावरच्या घरात आम्ही राहतो. घर विकावं लागेल?

हा खरा गुंतागुंतीचा भाग. हयातीत मेडिकेडची पात्रता ठरवताना राहतं घर सहसा मोजत नाहीत. नर्सिंग होमच्या मेडिकेडसाठी बहुतेक राज्यांत एकट्या माणसाची शिल्लक २,००० डॉलरच्या वर चालत नाही, पण घर, त्यातला आपला हिस्सा ठराविक मर्यादेत असला तर, बाजूला ठेवतात. २०२५ साली ही मर्यादा राज्यानुसार ७,३०,००० ते १०,९७,००० डॉलर होती. ज्या घराकडे आई असेपर्यंत कुणी बोट दाखवलं नाही, तिच्या मृत्यूनंतर तीच एकमेव मोठी मालमत्ता उरते. या वसुलीतला मोठा पैसा घरांमधून येतो तो याच कारणाने.

न्यू जर्सीत एक सोय आहे. कुटुंबातलं कुणी आईच्या मृत्यूआधीपासून त्या घरात सलग राहत असेल आणि तेच त्याचं मुख्य घर असेल, तर राज्य घरावर बोजा चढवतं पण लगेच विकायला लावत नाही. ती व्यक्ती घर सोडेल, विकेल किंवा वारेल तेव्हा पैसे वळते होतात. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो तसंच. कसायला आडकाठी नाही, विकताना आधी तो उतरवायचा.

मग आत्ताच घर मुलाच्या नावावर करून टाकलं तर?

नव्वद टक्के फोन इथे येऊन थांबतात. दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, २००६ सालापासून लागू झालेला पाच वर्षांचा मागोवा. दीर्घकालीन सेवेच्या मेडिकेडसाठी अर्ज करण्याआधीच्या ६० महिन्यांत काही फुकट किंवा कमी किमतीत देऊन टाकलं असेल, तर तेवढ्या प्रमाणात काही काळ मेडिकेड मिळत नाही. आमच्याकडे नर्सिंग होमचा महिना दहा हजार डॉलरच्या वर जातो, तेव्हा हा 'काही काळ' झेपणारा नसतो. दुसरी गोष्ट कराची. १९८५ला घेतलेलं घर आईने हयातीत दिलं तर तुम्हाला तिची जुनी खरेदी किंमतच मिळते आणि विकताना सगळ्या वाढीवर कर लागतो. वारशाने आलं तर मृत्यूच्या दिवशीची किंमत धरतात. वसुली वाचवायला जाऊन त्याहून जास्त कर भरलेले लोक आहेत.

एक अपवाद आपल्या घरांना अगदी चपखल बसेल असा आहे. आई नर्सिंग होममध्ये जाण्याआधी किमान दोन वर्षं तिच्या घरात राहून तिची अशी काळजी घेतली की त्यामुळेच ती घरी राहू शकली, अशा मुलाला किंवा मुलीला घर दिलं तर त्यापायी मेडिकेड अडत नाही. डॉक्टरचं पत्र, पत्त्याचे पुरावे, सगळं लागतं. आणि कायद्याचे शब्द आहेत 'मुलगा किंवा मुलगी'. सून नाही. दोन वर्षं डायपर बदलणारी, रात्री उठून सूप देणारी जी असते, ती त्या कायद्याला दिसत नाही. अर्जात नवऱ्याची सेवा लिहावी लागते. मी हे वाचलं तेव्हा मोठ्याने हसले, मग बराच वेळ गप्प बसले.

पुण्यातला फ्लॅट, एलआयसी, सोनं?

आधी अर्जाच्या वेळेचं. मालमत्तेची अट असलेल्या मेडिकेडमध्ये जगात कुठेही असलेली मालमत्ता सांगावी लागते. कोथरूडचा फ्लॅट, गावाकडची वाटणीची जमीन, बँकेतल्या ठेवी, सगळं. 'त्यांना काय कळणार' या भरवशावर लपवलं तर प्रश्न वसुलीचा राहत नाही, खोट्या माहितीचा होतो, आणि तो कितीतरी वाईट. भारतातल्या जमीनजुमल्यावर अमेरिकेतल्या प्रोबेट न्यायालयाचा हुकूम थेट चालत नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही अमेरिका त्या देशांमध्ये नाही ज्यांचे निवाडे भारतात सरळ अंमलात येतात. पण तो अर्ज न भरण्याचा परवाना नव्हे.

विम्याच्या पॉलिसींची मिळून विमा-रक्कम १,५०० डॉलरच्या वर असेल तर त्यांची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर मिळणारी रक्कम, शिल्लक म्हणून धरली जाते. जुन्या एलआयसी पॉलिसी इथेच सापडतात. दागिन्यांचं गणित वेगळं. अंगावर वापरायचे किंवा घराण्याची आठवण म्हणून जपलेले दागिने पात्रतेच्या हिशेबात धरत नाहीत. गुंतवणूक म्हणून लॉकरमध्ये ठेवलेली वळी आणि नाणी धरतात. मंगळसूत्र, पाटल्या, आजीची ठुशी यांची काळजी नको. अक्षय्य तृतीयेला घेतलेली दहा-दहा ग्रॅमची नाणी सांगा.

बँकेत नॉमिनी आहे. मग तर सुटलो?

दोन देशांचे दोन अर्थ. भारतात नॉमिनी हा फक्त पैसे हातात घेणारा, मालक वारसच. सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीतही डिसेंबर २०२३मध्ये हेच म्हटलं. अमेरिकेत 'मृत्यूनंतर अमुकला द्या' असं नोंदवलेलं खातं खरोखरच त्याचं होतं, आणि प्रोबेट टळतं. रुंद व्याख्येच्या राज्यात मात्र तेवढ्याने वसुली टळतेच असं नाही.

आई भारतात परत गेली तर?

मेडिकेड भारतातल्या उपचाराचे पैसे देत नाही आणि राज्यातलं वास्तव्य संपलं की लाभही थांबतो. कळवायला विसरू नका, नाहीतर महिन्याचा रतीब तिच्या नावावर चढत राहतो. आधीचा खर्च तसाच उभा राहतो.

पत्र आलंय. आता काय करू?

लगेच पैसे भरू नका आणि पत्र खणातही टाकू नका. तपशीलवार हिशेब मागा: कुठला महिना, कुठली सेवा, किती रक्कम. मग तारखा तपासा. ५५ वर्षांच्या आधीचे महिने, मृत्यूनंतरचे महिने, मेडिकेअरने भरलेली बिलं, कायमची दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यानंतरचे महिने, असं काही त्यात शिरलं असेल तर लेखी हरकत घ्या. कॅलिफोर्नियात मृत्यूनंतर ९० दिवसांत एस्टेटतर्फे आरोग्यसेवा खात्याला मृत्यूच्या दाखल्यासह कळवावं लागतं. तिथे हयातीतच ५ डॉलर फी भरून आतापर्यंतचा आकडा मागवता येतो. ही सोय वापरलेला एकही मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

छोट्या मालमत्तांना बऱ्याच राज्यांत सूट असते. टेक्ससमध्ये एस्टेट १०,००० डॉलरपर्यंतची असेल किंवा मेडिकेडचा खर्च ३,००० डॉलरपर्यंतचा असेल तर मागत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये २५,००० डॉलरपर्यंतची एस्टेट सोडून देतात. रक्कम मोठी असेल तर वयोवृद्धांच्या कायद्यात काम करणारा त्याच राज्यातला वकील गाठा. इमिग्रेशनचा वकील नव्हे, आणि करसल्लागार तर नव्हेच.

माफी मिळते का?

अवाजवी हलाखीचं कारण असेल तर माफीची तरतूद प्रत्येक राज्याने ठेवलीच पाहिजे. केंद्राने सुचवलेली उदाहरणं अशी: ज्याच्यावर कुटुंबाचं पोट आहे असं शेत किंवा छोटा धंदा, आणि त्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, घरांच्या सरासरी किमतीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीचं साधं घर. 'वारसांना वाईट वाटेल' हे कारण होत नाही. मुदत आखूड असते. कॅलिफोर्नियात मागणी मिळाल्यापासून ६० दिवस. आपण कागदांना हात लावायला उशीर करतो, तोवर त्यातले बरेच दिवस सरलेले असतात.

एवढा उपद्व्याप करून सरकारला मिळतं तरी काय?

फार नाही. अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे तिथल्या काँग्रेसला, मेडिकेडबद्दल सल्ला देणाऱ्या आयोगाच्या २०२१च्या अहवालानुसार २०१९ या आर्थिक वर्षात सगळ्या राज्यांनी मिळून सुमारे ७३ कोटी ३० लाख डॉलर वसूल केले. दीर्घकालीन सेवेवर मेडिकेड जे खर्च करतं त्याच्या एक टक्काही नाही. आयोगाने ही वसुली पुन्हा राज्यांच्या मर्जीवर सोडावी अशी शिफारस केली. इलिनॉयच्या प्रतिनिधी जॅन शकाउस्की यांनी २०२२मध्ये ती बंदच करायचं विधेयक मांडलं. कायदा झाला नाही.

ज्याची ऐपत आहे त्याने सरकारी पैशावर नर्सिंग होममध्ये राहून वाडा मुलांना ठेवावा, हे मलाही पटत नाही. पण प्रत्यक्षात ज्यांच्याकडे वाडा असतो ते वकील लावून वेळेवर ट्रस्ट करतात, आणि जाळ्यात सापडतं ते नेवार्कच्या गल्लीतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं दोन खोल्यांचं घर.

महाराष्ट्रात फुले योजनेचे पैसे असे परत मागतात का?

नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, मृत्यूनंतर वारसांकडून वसुलीची तरतूद त्यांत नाही. फुले योजनेचं कवच दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचं, आणि ते इस्पितळातल्या उपचारांपुरतं. वर्षानुवर्षं नर्सिंग होमचं भाडं भरणारी योजना आपल्याकडे नाहीच, त्यामुळे तिच्या वसुलीचाही प्रश्न येत नाही. तो खर्च घरातच जिरतो, बहुतेकदा कुणा एका बाईच्या नोकरीतून.

मग या भीतीने आईचं मेडिकेड नाकारायचं का?

आईच्या नावावर इथे काही नसेल तर नाकारण्यात काडीचा अर्थ नाही. घर असेल तरीही, नर्सिंग होमचा खर्च खिशातून भरायला गेलात तर दोन-तीन वर्षांत घर तसंही जातं. मेडिकेड खाजगी दरापेक्षा कमी पैसे देतं, आणि वसुलीत राज्याने दिलेले तेवढेच मागितले जातात. पन्नाशीत असलेल्यांना दुसरा रस्ता आहे. काही राज्यांत, न्यू जर्सीतही, दीर्घकालीन सेवेचा 'पार्टनरशिप' विमा मिळतो. त्याने जेवढी रक्कम दिली तेवढी मालमत्ता पात्रतेतून आणि वसुलीतूनही वगळतात. आईच्या वयाला तो आता मिळणार नाही. तुम्हाला मिळेल.

आईला हे सांगायचं कसं?

हा प्रश्न फोन ठेवता ठेवता, आवाज उतरवून येतो. आम्ही सासूबाईंना सांगितलं नव्हतं. 'आपल्यामुळे मुलाच्या डोक्यावर बोजा' हे ऐकून त्यांनी गोळ्या घ्यायचं थांबवलं असतं, असं तेव्हा वाटायचं. नंतर त्यांच्या पेटीत एक वही सापडली. इथे आल्यापासून मुलाने त्यांच्यासाठी केलेला खर्च त्यांनी तारीखवार लिहून ठेवला होता, चष्म्यापासून विमानाच्या तिकिटापर्यंत. हिशेब त्यांना आमच्यापेक्षा चांगला कळत होता. तुम्ही अर्जाचं ते पान काढा, मराठीत मोठ्याने वाचा, आणि खात्यावर सोयीसाठी घातलेलं नाव पुढच्या आठवड्यात काढून घ्या. काढण्याआधी वकिलाला विचारा, कारण मागोव्यात तेही मोजलं जाऊ शकतं. आणि ते पैसे तुमच्याच पगाराचे होते याचे कागद एका पाकिटात घालून ठेवा.